मिडी कीबोर्ड घेताना : आधी काम ठरवा, मग पट्ट्या मोजा



आजचा पाठ पुस्तकातला नाही. पण अलीकडे बारामती-इंदापूर भागातले बरेच पालक मला हा प्रश्न विचारतात, म्हणून सविस्तर लिहायचं ठरवलं. प्रश्न असा : "बाई, पोराला घरी गाणं रेकॉर्ड करायचंय. त्यासाठी कॉम्प्युटरला जोडायचा कीबोर्ड कोणता घेऊ?"

सुरुवात एका प्रसंगापासून करते.

मागच्या वर्षी इंदापूर तालुक्यातल्या आमच्या शाळेत सातवीतल्या एका मुलीचे वडील खोकं घेऊन आले. उसाचं बिल जमा झालं होतं, त्यातून त्यांनी मुलीसाठी ऑनलाइन कीबोर्ड मागवला होता. मुलगी गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवते. आजीच्या जात्यावरच्या ओव्या तिला येतात. त्या ओव्या मागे सूर धरून रेकॉर्ड कराव्यात, अशी तिची इच्छा. वडील म्हणाले, "बाई, पंधरा दिवस झाले, ह्याच्यातनं आवाजच येत नाही. लाइट लागते, पण वाजत नाही. हिनंच काहीतरी दाबून बिघडवलाय." मुलगी शेजारी खाली मान घालून उभी होती.

मी तो कीबोर्ड शाळेच्या लॅपटॉपला जोडला, एक मोफत सॉफ्टवेअर उघडलं आणि तिला म्हटलं, "सा लाव." सूर आला. कीबोर्ड अगदी ठणठणीत होता. पंधरा दिवस त्या लेकराने विनाकारण बोलणी खाल्ली होती.

पण गोष्ट तिथे संपली नाही. मुलगी दोन मिनिटं वाजवून थांबली. म्हणाली, "बाई, पट्ट्या लई बारीक आहेत. आणि वरचा सा गेला की पुढं जागाच नाही." म्हणजे कीबोर्ड चांगला होता, पण तिच्या कामाचा नव्हता. आणि परत करायची मुदत तोवर टळून गेली होती.

या एका प्रसंगात दोन चुका दिसतात. वस्तू काय आहे हे न कळणं ही पहिली. काम काय आहे हे न ठरवता ती घेणं ही दुसरी. आज आपण या दोन्ही टाळायला शिकू.

१. मिडी कीबोर्ड म्हणजे काय?

मिडी हे 'म्युझिकल इन्स्ट्रुमेंट डिजिटल इंटरफेस' या नावाचं लघुरूप. वाद्यांनी आणि संगणकांनी एकमेकांशी बोलायची ही एक ठरलेली भाषा आहे. १९८० च्या सुमारास प्रत्येक कंपनीच्या इलेक्ट्रॉनिक वाद्याची भाषा वेगळी होती. एकाचं वाद्य दुसऱ्याच्या वाद्याला जोडता येत नसे. अमेरिकेतले डेव्ह स्मिथ आणि जपानमधले इकुतारो काकेहाशी यांनी पुढाकार घेऊन एक सामाईक भाषा घडवली. जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या वाद्यांच्या प्रदर्शनात दोन वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एका तारेने जोडून दाखवली गेली. एकाच्या पट्ट्या दाबल्या आणि दुसरं वाजलं. तीच भाषा आज आपल्या घरातल्या लॅपटॉपला आणि मोबाइललाही कळते. या कामासाठी दोघांना २०१३ साली तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

आता महत्त्वाचा मुद्दा. मिडी म्हणजे आवाज नाही. मिडी म्हणजे स्वरलिपी.

पंडित भातखंडे किंवा पंडित पलुस्कर यांच्या पद्धतीने वहीत लिहिलेली बंदिश आठवा. वहीतून आवाज येतो का? नाही. कोणता स्वर, कधी, किती वेळ, एवढंच तिथे लिहिलेलं असतं. ते वाचून कोणी गायलं तर गाणं होतं, सतारीवर वाजवलं तर गत होते. मिडी कीबोर्ड अगदी हेच करतो. तुम्ही पट्टी दाबली की तो संगणकाला तीन गोष्टी कळवतो :

• कोणती पट्टी दाबली? (स्वरांना ० ते १२७ असे क्रमांक आहेत. पियानोच्या मधल्या 'सी'चा, म्हणजे आपल्या मधल्या पांढरी एकचा, क्रमांक ६०.)
• किती जोरात दाबली? (याला व्हेलॉसिटी म्हणतात. १ ते १२७.)
• कधी सोडली?

बस्स. त्यावरून पेटीचा, सनईचा की व्हायोलिनचा आवाज काढायचा, हे संगणकातलं सॉफ्टवेअर ठरवतं. म्हणून नुसत्या कीबोर्डमधून आवाज येत नाही. त्याला स्पीकरच नसतो.

या पद्धतीचा मोठा फायदा असा की चूक दुरुस्त करता येते. मुलाचा एक स्वर चुकला तर पूर्ण गाणं पुन्हा वाजवायला नको. वहीतलं एक अक्षर खोडावं तसा तेवढाच स्वर बदलता येतो. आणि जागाही कमी लागते. सीडीच्या दर्जाचा आवाज एका मिनिटाला सुमारे १० एमबी जागा घेतो. तेवढ्याच वेळाचं मिडी काही केबीमध्ये मावतं.

पण एक लक्षात ठेवा : गळ्यातला आवाज मिडीत जात नाही. ओवी, पोवाडा, कविता रेकॉर्ड करायची तर माइक लागणारच.

२. दुकानात जाण्याआधी कपाट उघडा

बरेच पालक नवी वस्तू घ्यायला धावतात. मी म्हणेन, आधी घरातलं आणि शाळेतलं जुनं कपाट उघडून बघा. स्नेहसंमेलनासाठी कधीतरी घेतलेला स्पीकरवाला कीबोर्ड तिथे धूळ खात पडलेला असतो. त्याची मागची बाजू पाहा.

• 'यूएसबी टू होस्ट' असं लिहिलेलं चौकोनी छिद्र आहे का? प्रिंटरच्या तारेचं टोक बसतं तसं. असेल, तर तोच कीबोर्ड मिडी कीबोर्डचं काम करतो. प्रिंटरची तार लावा आणि लॅपटॉपला जोडा.
• पाच टाचण्यांची गोल जागा आणि 'मिडी आऊट' असं लिहिलेलं आहे का? तरीही चालेल, फक्त गोल टोकातून यूएसबीत नेणारी एक तार वेगळी घ्यावी लागते.
• यातलं काहीच नाही? मग तो फक्त वाजवायच्या कामाचा.

हे तपासायला पाच मिनिटं लागतात आणि पैसा एकही लागत नाही. एक शिक्षिका म्हणून सांगते, आपल्या भागातल्या पालकांसाठी ही पाच मिनिटं सर्वांत मोलाची आहेत.

३. काम कोणतं, त्यावरून पट्ट्या किती

मिडी कीबोर्ड २५, ३७, ४९, ६१ आणि ८८ पट्ट्यांचे मिळतात. हे आकडे असे विचित्र का? मुलांना गणिताच्या तासाला विचारा. एका सप्तकात काळ्या-पांढऱ्या मिळून १२ पट्ट्या असतात. दोन सप्तकं म्हणजे २४, आणि शेवटचा सा धरून २५. तीन सप्तकं ३६ अधिक १ म्हणजे ३७. चार ४८ अधिक १ म्हणजे ४९. पाच ६० अधिक १ म्हणजे ६१. ८८ हा पूर्ण पियानोचा आकडा. तो या हिशोबात बसत नाही.

आता आपली पेटी आठवा. आपल्याकडच्या पेट्या बहुतेक ३७, ३९ किंवा ४२ पट्ट्यांच्या, म्हणजे तीन ते साडेतीन सप्तकांच्या असतात. ज्या मुलाचा हात पेटीवर बसला आहे, त्याला दोन सप्तकांचा कीबोर्ड दिला तर खर्जात उतरताना आणि तारात चढताना दरवेळी बटण दाबून सप्तक बदलावं लागतं. भजनाच्या ओघात हे जमत नाही. आमच्या त्या मुलीची अडचण नेमकी हीच होती.

म्हणून माझा ढोबळ हिशोब असा :

• फक्त ताल, ठेका, छोटे छोटे तुकडे तयार करायचे : २५ पट्ट्या पुरतात. सोबत बोटाने वाजवायचे चौकोनी पॅड असले तर उत्तम.
• पेटी वाजवणारं मूल, एका हाताने चाल धरणार : किमान ३७, शक्य असेल तर ४९.
• दोन्ही हातांनी वाजवणार, डाव्या हाताने कॉर्ड आणि उजव्याने चाल : ६१.
• पियानो रीतसर शिकणार : ८८, आणि तोही वजनदार पट्ट्यांचा.

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संवादिनीच्या परीक्षांची तयारी सुरू असेल, तर सराव पेटीवरच करावा. भात्याचा हात कीबोर्डवर तयार होत नाही. मिडी कीबोर्ड ही रेकॉर्डिंगची वही आहे, पेटीची बदली नाही.

४. पट्टीचा आकार : घरी करायचा एक प्रयोग

फोटोत सगळे कीबोर्ड सारखेच दिसतात. प्रत्यक्षात काहींच्या पट्ट्या पूर्ण आकाराच्या, तर काहींच्या बारीक असतात. जाहिरातीत 'मिनी कीज' किंवा 'स्लिम कीज' असे शब्द दिसले की समजा, पट्ट्या बारीक आहेत.

पियानोची पूर्ण आकाराची पांढरी पट्टी सुमारे २३.५ मिलिमीटर रुंद असते. सात पट्ट्यांचं एक सप्तक म्हणजे सुमारे १६.५ सेंटीमीटर. जुन्या वर्तमानपत्रावर पट्टी-पेन्सिलने हे सप्तक आखा आणि मुलाला त्यावर बोटं ठेवायला सांगा. आता घेणार असलेल्या कीबोर्डची लांबी जाहिरातीत पाहून तेवढंच त्याचंही सप्तक आखा. हाताला कोणतं बरं वाटतं ते मूल स्वतःच सांगेल.

याच मापावरून टेबलावर किती जागा लागेल तेही काढता येतं. फक्त पट्ट्यांची रुंदी अशी येते :

• २५ पट्ट्या : पांढऱ्या १५, सुमारे ३५ सें.मी.
• ३७ पट्ट्या : पांढऱ्या २२, सुमारे ५२ सें.मी.
• ४९ पट्ट्या : पांढऱ्या २९, सुमारे ६८ सें.मी.
• ६१ पट्ट्या : पांढऱ्या ३६, सुमारे ८५ सें.मी.
• ८८ पट्ट्या : पांढऱ्या ५२, सुमारे १२२ सें.मी.

डावीकडच्या चाकांसाठी आणि कडेसाठी यात आणखी काही सेंटीमीटर धरा. अभ्यासाच्या टेबलावर लॅपटॉप, वह्या आणि ६१ पट्ट्या एकत्र राहतील का, हे खोकं घरी येण्याआधी कळलेलं बरं.

५. पेटीचा भाता इथे कुठे असतो?

पेटी वाजवणाऱ्या मुलाला पहिल्या दिवशी जाणवते ती ही अडचण. पेटीवर पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज सारखाच येतो. आवाज लहान-मोठा होतो तो भात्यावरच्या डाव्या हाताने. मिडी कीबोर्डवर उलटं असतं. पट्टी जोरात दाबली तर मोठा आवाज, हळू दाबली तर लहान. त्यामुळे सुरुवातीला मुलाचं वाजवणं खडबडीत ऐकू येतं. एक स्वर मोठा, एक बारीक. पालकांना वाटतं, मूल विसरलं की काय!

उपाय सोपा आहे. कीबोर्डच्या किंवा सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये 'व्हेलॉसिटी कर्व्ह' असतो. तो 'फिक्स्ड' केला की सगळे स्वर सारख्या जोराने जातात. मग डावा हात रिकामा राहतो, त्याला भात्याचं काम द्या. कीबोर्डच्या डाव्या टोकाला दोन चाकं असतात. त्यातलं 'मॉड्युलेशन'चं चाक सॉफ्टवेअरमध्ये आवाजाच्या पातळीला जोडता येतं. उजवा हात पट्ट्यांवर, डावा चाकावर. पेटीवाल्या मुलाला ही मांडणी पटकन जमते, कारण त्याचे हात आधीच असे वाटलेले असतात. म्हणून मी पालकांना सांगते, चाकं नसलेला कीबोर्ड पेटीवाल्या मुलासाठी घेऊ नका.

दुसरं चाक 'पिच बेंड'चं. हे चाक पेटीला न जमणारं काम करतं : मींड. पेटीवर एका स्वरावरून दुसऱ्यावर उडी मारावी लागते, घसरत जाता येत नाही. पेटीवर घेतलेल्या मुख्य आक्षेपांपैकी हा एक. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीला बंदी केली आणि ती सुमारे तीन दशकं टिकली, त्यामागे अशाच आक्षेपांचा वाटा होता. पिच बेंडचं चाक फिरवलं की स्वर वर-खाली घसरतो, सुरुवातीला साधारण एक पूर्ण स्वर इकडे आणि एक तिकडे. मुलांनी आधी गळ्याने मींड घ्यावी, मग चाकाने तशीच काढून पाहावी. कानाला याहून चांगला व्यायाम नाही.

६. काळी एक, पांढरी चार आणि ट्रान्सपोजचं बटण

आपल्याकडे कोणी 'सी शार्प' म्हणत नाही. आपण 'काळी एक' म्हणतो. सॉफ्टवेअरमध्ये मात्र इंग्रजी अक्षरं दिसतात. तेव्हा हा तक्ता मुलाच्या वहीत लिहून द्या :

• पांढरी एक ते पांढरी सात : सी, डी, ई, एफ, जी, ए, बी
• काळी एक : सी शार्प
• काळी दोन : डी शार्प
• काळी तीन : एफ शार्प
• काळी चार : जी शार्प
• काळी पाच : ए शार्प

बहुतेक कीबोर्डवर 'ट्रान्सपोज'चं बटण असतं. ते दाबलं की पांढरी एक दाबूनही काळी चारचा सूर येतो. सोय आहे, पण सवय लावू नका. उद्या मूल पारावर खऱ्या पेटीवर बसलं की हात अडखळेल. बटण शून्यावर ठेवूनच शिकवा.

आणि एक सूचना. खरी पेटी आणि कीबोर्ड एकत्र वाजवणार असाल तर आधी सूर जुळवून पाहा. जुन्या पेट्या बऱ्याचदा थोड्या चढ्या किंवा उतरलेल्या असतात. अशा वेळी पेटीला हात लावू नका. सॉफ्टवेअरमधला सूर किंचित सरकवा. ते एका मिनिटाचं काम आहे.

७. जोडणी : मोबाइल, लॅपटॉप आणि वीज

• कीबोर्ड 'क्लास कंप्लायंट' आहे का, ते वाचा. याचा अर्थ, वेगळं सॉफ्टवेअर न टाकता तो तार लावताच ओळखला जातो.
• अँड्रॉइड मोबाइलला जोडायचा तर ओटीजी तार किंवा जोड लागतो, आणि मोबाइलमध्ये ओटीजीची सोय असावी लागते. जोडून पेनड्राइव्ह उघडतो का ते पाहिलं की कळतं.
• यूएसबीवर चालणारा कीबोर्ड वीज लॅपटॉपकडूनच घेतो. भारनियमनात लाइट गेली तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर काम चालू राहतं. वेगळा अडॅप्टर लागणारा कीबोर्ड अशा वेळी बंद पडतो. आपल्याकडे हा मुद्दा लहान नाही.
• पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा येतो का? दोष कीबोर्डचा असेलच असं नाही. ब्लूटूथ हेडफोन काढा आणि तारेचे लावा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. विंडोज लॅपटॉपवर तरीही उशीर होत असेल तर 'एएसआयओ' प्रकारचा ड्रायव्हर टाकून सॉफ्टवेअरमधला 'बफर' कमी करा.

सॉफ्टवेअरसाठी सुरुवातीला पैसे घालू नका. विंडोज आणि लिनक्सवर एलएमएमएस मोफत आहे. ॲपलच्या उपकरणांवर गॅरेजबँड मिळतं. मोबाइलवर किंवा ब्राउझरमध्ये बँडलॅब चालतं. वाजवलेलं पाश्चात्य नोटेशनमध्ये पाहायचं असेल तर म्यूजस्कोअर. गळ्याचा आवाज रेकॉर्ड करायला आणि कापायला ऑडॅसिटी छान आहे, पण त्यात मिडी कीबोर्डचं वाजवणं स्वरलिपीसारखं नोंदवता येत नाही. त्यामुळे "ऑडॅसिटीत कीबोर्ड दिसत नाही" म्हणून घाबरू नका.

८. सतार आहे, तबला नाही

मुलं सॉफ्टवेअर उघडून आधी तबला शोधतात. १९९१ मध्ये ठरलेल्या 'जनरल मिडी' या यादीत १२८ वाद्यं आहेत. त्यात १०५ व्या क्रमांकावर सतार आहे, ११२ व्या क्रमांकावर सनई आहे, आणि पेटीच्या जवळ जाणारा 'रीड ऑर्गन' २१ व्या क्रमांकावर आहे. तबला, पखवाज, ढोलकी, संबळ मात्र नाहीत. ते आवाज वेगळे मिळवावे लागतात.

मी मुलांना सांगते, ते आपणच मिळवू. दरवर्षी आषाढात तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून इंदापूरकडे जाते. बेलवाडीला आणि इंदापूरला गोल रिंगण होतं. तेव्हा टाळ-मृदंगाची आपल्याकडे काय कमी? गावातल्या पखवाजवाल्या काकांना विनंती करा, एकेक बोल सुटा सुटा मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि कीबोर्डच्या एकेका पॅडला जोडा. काकांची परवानगी घ्या आणि फाइलला त्यांचं नाव द्या. संगीत, विज्ञान आणि माणसांचा मान ठेवणं, तिन्ही धडे एकाच दिवसात होतात.

९. बाजारात काय बघायचं

पुण्याला एसटीने जाऊन-येऊन अख्खा दिवस जातो, म्हणून बरेच जण न पाहताच ऑनलाइन मागवतात. निदान हे वाचून मागवा. अकाईचा एमपीके मिनी, आर्टुरियाचा मिनिलॅब, नोव्हेशनचा लाँचकी मिनी हे २५ बारीक पट्ट्यांचे आणि पॅडवाले. तालासाठी छान, टेबलावर सहज मावणारे. नोव्हेशनच्या लाँचकी मालिकेत ३७, ४९ आणि ६१ पट्ट्यांचेही मिळतात. एम-ऑडिओची कीस्टेशन मालिका साधी आहे, बटणं कमी आणि पट्ट्या पूर्ण आकाराच्या. बटणं आणि फिरक्या जितक्या जास्त तितकी किंमत जास्त. शिकणाऱ्या मुलाला त्यातल्या बहुतेक वर्षभर लागत नाहीत. किमती सणासुदीला खाली-वर होतात, म्हणून घ्यायच्या दिवशी दोन-तीन ठिकाणी विचारा.

पैशाची वाटणी करताना सगळी रक्कम कीबोर्डवर घालू नका. साधा माइक, तारेचे हेडफोन आणि ओटीजीचा जोड यांचे पैसे आधी बाजूला काढा, उरलेल्यात कीबोर्ड बघा.

जुना घेत असाल तर प्रत्येक पट्टी हळू, मध्यम आणि जोरात दाबून बघा. एकदा दाबल्यावर दोनदा वाजणारी पट्टी असेल तर घेऊ नका. चाक सोडल्यावर पिच बेंड मधोमध परत येतो का, ते पाहा. आणि परत करण्याची मुदत किती दिवसांची आहे, हे पैसे देण्याआधी विचारा. खोकं आल्याच्या दिवशीच जोडून बघा. "परीक्षा झाली की बघू" म्हणू नका.

१०. त्या मुलीचं पुढे काय झालं?

आम्ही शाळेचं कपाट उघडलं. त्यात ६१ पट्ट्यांचा एक जुना कीबोर्ड होता. एक स्पीकर गेलेला, म्हणून कोणी हात लावत नव्हतं. मागे ते चौकोनी छिद्र होतं! ऑफिसमधल्या प्रिंटरची तार लावली आणि लॅपटॉपने तो लगेच ओळखला. आता ती सूर त्याच्यावर वाजवते आणि वडिलांनी आणलेल्या छोट्या कीबोर्डच्या पॅडवर टाळ वाजवते. उसाच्या बिलातला तो पैसाही वाया गेला नाही.

ओव्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये आम्ही एक चूक केली, तीही सांगते. सॉफ्टवेअरमध्ये 'क्वांटाइझ' नावाची सोय असते; पुढे-मागे पडलेले स्वर ती तालाच्या रेघेवर नेऊन बसवते. मी उत्साहाने आधी ठेका लावला, मुलीचे सूर त्या रेघेवर बसवले आणि आजींना हेडफोन देऊन म्हटलं, "आता यावर गा." आजी दोन ओळींनंतर थांबल्या. म्हणाल्या, "बाई, हे लई पळतंय. जातं असं नसतं फिरत."

खरंच आहे. ओवीची लय जात्याच्या आणि हाताच्या ओढीने ठरते. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रभरातल्या बायकांच्या लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यातल्या कित्येक आज 'पारी'च्या संकेतस्थळावर ऐकता येतात. त्या जरूर ऐका, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल.

मग आम्ही उलटं केलं. ठेका बंद. आधी आजींचा नुसता आवाज माइकवर घेतला. नंतर मुलीने तो ऐकत ऐकत, आजी थांबतील तिथे थांबत, मागे फक्त सा आणि प धरला. क्वांटाइझ नाही, सजावट नाही. वडील शेजारी बसून ऐकत होते. रेकॉर्डिंग संपल्यावर मुलीला एवढंच म्हणाले, "मला वाटलं होतं तूच बिघडवलास." तेवढ्याने ती हसली.

स्वाध्याय (पालक आणि मुलांनी मिळून करावा)

१. मूल कीबोर्डवर नेमकं काय करणार, ते एका वाक्यात वहीत लिहा. वाक्य लिहिता येत नसेल तर खरेदी महिनाभर पुढे ढकला.
२. घरातला, शाळेतला, शेजारचा जुना कीबोर्ड शोधा आणि त्याची मागची बाजू तपासा.
३. वर्तमानपत्रावर ३७ आणि ४९ पट्ट्या खऱ्या मापाने आखा आणि टेबलावर ठेवून बघा.
४. घरातल्या मोठ्या माणसाचं एक गाणं किंवा ओवी साध्या मोबाइलवर रेकॉर्ड करा. कीबोर्ड नंतर येईल. ते गाणं आज घ्या.

शिक्षकांसाठी : तिसरा प्रयोग गणितात मापनाच्या तासाला आणि मिडी म्हणजे स्वरलिपी हा भाग संगीताच्या तासाला घेता येतो. बारामतीत विद्या प्रतिष्ठानच्या वसुंधरा वाहिनीसारखं सामुदायिक रेडिओ केंद्र पाहायला परवानगी मिळाली, तर मुलांना माइकसमोर बसण्याची शिस्तही प्रत्यक्ष बघता येईल.

तुमच्या शाळेच्या कपाटात काय सापडलं, ते मला जरूर कळवा.